मीठ मागाहून वाढणाऱ्या काकींना

काकी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी येऊनही देता आलं असतं. पण वाशीच्या प्रयोगानंतर जे फोन आणि मेसेज येतायत, ते बहुतेक सगळे एकाच प्रसंगाबद्दल आहेत: मिठाच्या. ‘हे सुचलं कुणाला?’ असं जो तो मला विचारतो. त्याचं उत्तर चारचौघांतच द्यायला हवं. नाव छापू नका असं तुम्ही बजावलंय, तेवढं पाळते.

प्रयोग न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. सोसायटीचा हॉल, समोरासमोर दोन पंगती, 40 पानं आणि पंगतींच्या मधल्या मोकळ्या जागेत गोष्ट. खाडीकाठच्या एका आगरी घराची. मिठागर, खारी जमीन, भातशेती. मग 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, 95 गावांच्या जमिनी गेल्या, जानेवारी 1984 मध्ये उरणजवळच्या जासईला शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. प्रेक्षक जेवता जेवता हे सगळं ऐकतात आणि पानात जे पडतं ते गोष्टीचाच भाग असतं.

या प्रकाराचं मला फार दिवसांपासून वेड. इंग्लंडातल्या ‘फॅट डक’ या उपाहारगृहात 2007 मध्ये माशांची एक डिश आली, ती खाताना शंखातून निघालेले इअरफोन कानाला लावून लाटांचा आवाज ऐकायचा. शांघायच्या ‘अल्ट्राव्हायोलेट’मध्ये (ते 2025 मध्ये बंद झालं) तर एका वेळी जेमतेम दहा माणसं असायची, आणि प्रत्येक पदार्थागणिक खोलीतला उजेड, आवाज, वास बदलायचा. हे वाचून मी प्रोजेक्टरचं भाडं विचारत हिंडत होते. तेवढ्यात आगरी-कोळी महोत्सवात तुमच्या भाकऱ्यांच्या स्टॉलवर आपली गाठ पडली.

संहिता ऐकून तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ते पदार्थांबद्दल नव्हतं. ‘यात धवलारीण कोन?’ असं विचारलंत. धवलारीण म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणजे धवला, गाणारी बाई. मग समजावलंत की लग्नात धवला सुरू झाला की हळद लागते आणि गाणं थांबलं की हातही थांबतो. विधी गाण्याच्या मागून चालतो. जेवणही तसंच गोष्टीच्या मागून चाललं पाहिजे. मी पदार्थांची लांबलचक यादी केली होती. त्यातला जो पदार्थ गोष्टीत कुठे लागत नव्हता तो तुम्ही काढून टाकलात, चांगला होत असला तरी. आमच्या गटातल्या कुठल्याही लेखकाने संहितेवर इतकी कडक कात्री चालवलेली नाही.

आणि मग मीठ. वालाचं पातळ कालवण तुम्ही अळणी वाढायला लावलंत. आमचा एक नट घाबरला, लोक वाटी बाजूला सारतील म्हणाला. तुम्ही म्हणालात, ‘सारू दे. आधी कलू दे त्याना, मीठ नाय तं काय ते.’ वाल मुळात कडसर. मीठ नुसतं खारटपणा आणत नाही, ते कडूपणाही दाबतं, हे तुम्ही आयुष्यभर चुलीपाशी पाहिलेलं. प्रयोगात पहिल्या घोटाला लोकांचे चेहरे आक्रसले. काहींनी खरंच वाटी खाली ठेवली, शेजारच्याकडे पाहिलं. त्याच वेळी मधल्या जागेत मिठागराची गोष्ट सुरू होती: भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उन्हात आटवत एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यायचं, पावसाच्या आत मीठ ओढून रास करायची. गोष्टीतली आजी पानापानाशी वाकली आणि प्रत्येकाच्या तळहातावर खड्या मिठाची चिमूट ठेवत गेली. बारीक मीठ चालणार नाही, हा तुमचा हट्ट होता. खडा विरघळायला वेळ घेतो. लोक बोटाने वाटी ढवळत राहिले, खडे वाटीच्या बुडाशी करकरत राहिले आणि तेवढ्या वेळात आजीचं जमीन गेल्याचं बोलणं पूर्ण झालं. ते संपल्यावर त्यांनी घेतलेला दुसरा घोट मी पंगतीच्या टोकाला उभी राहून पाहिला. कालवण तेच होतं. माझ्या समोरच्या एका आजोबांनी वाटी दोन्ही हातांनी धरून संपवली.

स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवायचं, हेही तुमचंच. आवाजाने नटांचं लक्ष जाईल म्हणून मी ते बंद ठेवणार होते. तुम्ही उकडीचे गोळे ओल्या फडक्याखाली ठेवलेत आणि भरतीचा प्रवेश सुरू झाला की परातीत भाकरी थापायला बसलात. तो थपथप आवाज आत येत राहिला आणि भाकरी नेमक्या प्रसंगी, वाफ निघत असतानाच, पानावर पडली. 40 पानांना गरम भाकरी! मोठमोठ्या लग्नांत ते जमत नाही.

मला वाटतं, आपल्याकडे हे नवीन नव्हतंच. पंगतीत श्लोक म्हणायची रीत होती, घास भरवताना उखाणा घ्यायची आहे. बोलणं आणि जेवणं आपण कधी वेगळं केलंच नव्हतं. परदेशातलं वाचून मी जे शोधत होते, ते तुमच्या हातात होतं, आणि तुम्ही ते एका परक्या पोरीला मोकळेपणाने दिलंत. घरची सून कामावरून यायच्या आत तालमीला यायचं, परत जाऊन घरचं रांधायचं, हे सगळं सांभाळून. गोष्टीतल्या आजीचे शब्द चुकीचे वाटले तिथे नटीला शेजारी बसवून, ती ते तोंडात घोळवेपर्यंत उठला नाहीत. त्याबद्दलचे आभार कसे मानायचे मला कळत नाही, पण मानते, मनापासून.

आता एक मागणं. पुढचा प्रयोग ठाण्यात ठरतोय. पत्रिकेत तुमचं नाव ‘भोजन व्यवस्था’ खाली मला नकोय. ते ‘कथा’ या शब्दापुढे, लेखकाच्या जोडीने हवंय, आणि मानधनही त्याच्याइतकंच. या वेळी नको म्हणू नका. रविवारी कागद घेऊन येते, नाव कसं लिहायचं ते तुम्हीच सांगा.

तुमची,
गोष्ट सांगणारी पोर