जॉब कार्डावर खरं लिहिणाऱ्या मेकॅनिकदादांना

मेकॅनिकदादा, सप्रेम नमस्कार.

वारंवार थंडावा जाणाऱ्या आमच्या फ्रीजचे पूर्ण पैसे परत आले. बिलावर होते तेवढे, जीएसटीसकट, काहीही न कापता. फ्रीज कंपनीची गाडी घेऊन गेली, त्याची पोचही मिळाली. ही बातमी सगळ्यात आधी तुम्हाला कळायला हवी होती, पण तुमचा नंबर आमच्याकडे नाही आणि सर्व्हिस सेंटरला विचारला असता तर तुमच्यामागेच नसत्या चौकशा लागल्या असत्या. म्हणून हे उघड पत्र. तुमचं, सेंटरचं, दुकानाचं, कंपनीचं, कुणाचंच नाव यात नाही. ते मुद्दाम. वाचलंत तर ओळखालच.

तुम्ही जॉब कार्डावर, म्हणजे तपासणीच्या नोंदीच्या कागदावर, शेऱ्याच्या रकान्यात जे लिहिलंत ते इथे उतरवतो, कारण बाकीच्यांनीही ते वाचावं:

"सॉकेटवर व्होल्टेज 226, कॉम्प्रेसर चालू असताना. करंट प्लेटपेक्षा कमी. बाहेरचे सर्व जोड फेसाने तपासले, लीक नाही. हाय साइड वेगळी करून नायट्रोजन 150 पीएसआय, अर्ध्या तासात 120. लीक फोमच्या आत. जागेवर दुरुस्त होणार नाही. ग्राहकाच्या वापराचा दोष नाही."

शेवटचं वाक्य लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. फॉर्ममध्ये तसा रकानाही नाही. पण आधी येऊन गेलेला प्रत्येक जण जे तोंडी सुचवून गेला होता, की दार सारखं उघडं राहत असेल, गरम भांडी आत ठेवत असाल, स्टॅबिलायझर नाही म्हणून होतंय, त्या सगळ्याला तुमच्या त्या चार शब्दांनी उत्तर दिलं. आणि ते कंपनीच्याच छापील कागदावर, कंपनीच्याच अधिकृत सेंटरच्या शिक्क्याखाली.

व्होल्टेजचं आधी सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच गाडल्या जातात. आपल्याकडचा घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा. तो कमी-जास्त होतो हे खरं, पण ते मोजल्याशिवाय म्हणणं म्हणजे ग्राहकाला वाटेला लावणं. तुम्ही मोजलंत, आणि रिकाम्या सॉकेटवर न मोजता फ्रीज चालू असताना मोजलंत, म्हणजे भाराखाली. शिवाय क्लॅम्प मीटर लावून करंटही पाहिला. व्होल्टेजमुळे कॉम्प्रेसर अडखळत असता तर करंट चढला असता. तो फ्रीजवरच्या माहितीच्या प्लेटवरच्या आकड्यापेक्षा खाली होता. सिस्टिममध्ये गॅसच उरला नाही की कॉम्प्रेसरला ओढायला काही नसतं, तो नुसता फिरत राहतो. बिल येतं, थंडावा येत नाही. या दोन आकड्यांनी स्टॅबिलायझरचा मुद्दा कायमचा मिटला.

आता गळती. हाय साइड म्हणजे कॉम्प्रेसरपुढचा जास्त दाबाचा भाग. त्यात भरलेल्या नायट्रोजनचा दाब उतरला आणि बाहेरच्या जोडांवर लीक नाही, म्हणजे गळती आत. आताच्या बऱ्याच फ्रीजमध्ये कंडेन्सरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, नळी पूर्वीसारखी मागे जाळीतून दिसत नाही. ती बाजूच्या पत्र्यामागे फोममध्ये पुरलेली असते, आणि दाराच्या चौकटीला घाम येऊ नये म्हणून फिरवलेली नळीही आतच. तिथे जोड कच्चा राहिला किंवा नळीला बारीक छिद्र पडलं तर बाहेरून काहीच दिसत नाही. थंडावा देणारा गॅस आर-600ए, आणि घरगुती फ्रीजमध्ये तो असतो किती? पन्नास ग्रॅमच्या आसपास. एवढासा गॅस मुंगीच्या वाटेएवढ्या फटीतूनही काही आठवड्यांत निघून जातो.

म्हणूनच आधीच्या मंडळींवरचा राग अजून गेलेला नाही. गळती न शोधता वारंवार गॅस भरला गेला. गॅस भरला की फ्रीज त्या दिवशी थंड होणारच, त्यात कौशल्य काहीच नाही. सीलबंद सिस्टिम उघडली की ओल शोषणारा ड्रायर बदलायचा असतो, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढायची असते, आणि गॅस प्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार काट्यावर तोलून भरायचा असतो. यातलं काही झालं नाही. ड्रायर तोच, पंप गाडीत, काटा नाही. अंदाजाने भरला आणि कार्डावर लिहिलं, "गॅस चार्जिंग केले. ओके."

आणि लगेच ओटीपी. दादा, या ओटीपीबद्दल लोकांना कळायलाच हवं. फ्रीज घरघरायला लागला की मेकॅनिक ओटीपी मागतो. तो दिला की कंपनीच्या खात्यात तक्रार 'निवारण झाले' म्हणून बंद होते. महिन्याभराने पुन्हा फोन केला की नवीन तक्रार, नवा नंबर. मग कागदावर पाहणाऱ्याला एकच दोष सतत उघडा राहिलेला दिसतच नाही. वेळेत सोडवलेल्या तक्रारींची सुबक यादी दिसते. कॉल सेंटरवरची मुलगी ती यादी वाचून दाखवते आणि म्हणते, सर, आपली तक्रार तर प्रत्येक वेळी सोडवली आहे. तिचा दोष नाही. तिच्या पडद्यावर तेवढंच आहे.

तुम्ही मात्र म्हणालात, "ओटीपी आत्ता देऊ नका. आधी कार्ड वाचा, फोटो काढा, मग मी 'दुरुस्ती शक्य नाही' म्हणून बंद करतो." आणि मीटरचा फोटो काढताना वरच्या ट्यूबलाइटची चमक काचेवर पडून आकडा दिसत नव्हता, तेव्हा तुम्ही हाताचा आडोसा करून मीटर तिरका धरलात आणि फोटो नीट येईपर्यंत तसेच थांबलात. दाब दाखवणाऱ्या गेजचाही तसाच, एकदा 150 वर, एकदा 120 वर. त्या आडोशाच्या हाताचे आभार कसे मानायचे ते अजून सुचत नाही. तुमच्या पुढच्या दोन कॉलला उशीर होत होता, फोन वाजत होता, तरी तुम्ही घाई केली नाहीत.

या कागदाचं मोल कायद्यात किती आहे ते तुम्हाला कदाचित कुणी सांगितलं नसेल. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्याच्या कलम 2(47) प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मुदत बिलावर लिहिलेली, आणि लिहिलेली नसेल तर 30 दिवस. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही गल्ल्यामागची पाटी सदोष मालाला लागू होत नाही, ती कितीही जाड अक्षरात रंगवलेली असो. तीस दिवस उलटले तरी दार बंद होत नाही: दोष सिद्ध झाला तर कलम 39 खाली जिल्हा ग्राहक आयोग वस्तू दुरुस्त करून द्या, बदलून द्या किंवा पैसे परत द्या असा आदेश देऊ शकतो, आणि तक्रारीला कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते. वॉरंटी कार्डावर फक्त दुरुस्तीचंच आश्वासन आहे म्हणून आयोगाचे हात बांधले जात नाहीत.

पण सगळं त्या एका शब्दाशी येऊन थांबतं: सिद्ध. ते ग्राहकाने करायचं. आणि तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर कलम 38 प्रमाणे वस्तू प्रयोगशाळेकडे जाते, त्याचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा, अहवालाला 45 दिवस. औषधाची बाटली किंवा तेलाचा डबा सील करून पाठवता येतो. फ्रीज कसा पाठवायचा, आणि त्याचा फोम फोडून नळी कुणी शोधायची? बहुतेक घरं इथेच दमतात आणि नवा फ्रीज घेतात. तुमच्या कार्डाने ही पायरीच गाळली. विकणाऱ्याच्याच माणसाने, त्याच्याच कागदावर, आकड्यांसकट दोष कबूल केला असेल तर वेगळं सिद्ध करायला फारसं उरत नाही.

पुढचं फार लांबवत नाही. दुकान आणि कंपनी दोघांनाही एकच पत्र स्पीड पोस्टने गेलं, सोबत बिल आणि कार्डाची प्रत, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर तक्रार नोंदवून हेच कागद जोडले. आयोगापर्यंत जावंच लागलं नाही. लागलं असतं तरी 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क शून्य आहे, वकील सक्तीचा नाही, आणि 2019 च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो.

दुकानदाराने शेवटचा अडसर घातला तो जीएसटीचा. म्हणे, कर सरकारला भरला, तो कुठून परत देऊ? हे ऐकून कितीतरी लोक कराची रक्कम सोडून देतात. धरा, मूळ किंमत 25,000, त्यावर 18 टक्के म्हणजे 4,500. एवढे पैसे निव्वळ एका वाक्याने जातात. खरं असं आहे, की माल परत आला की दुकानदार क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम वजा केल्याचा कागद, काढतो आणि तेवढा कर त्याच्या पुढच्या देण्यातून वजा होतो. विक्री झाली ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं नसेल तर, त्याला हे करता येतं. त्याचा कर बुडत नाही. "क्रेडिट नोट काढा" एवढं म्हटल्यावर त्याने तो विषय सोडला. कंपनीने 'वापर वजावट' म्हणून काही टक्के कापून पैसे देऊ केले होते, तेही तसंच. ती टक्केवारी कंपनीच्या धोरणात असते, कायद्यात तिचा तक्ता नाही. पहिल्या महिन्यापासून सदोष असलेल्या वस्तूची वापर वजावट कसली? अशा वेळी 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या कागदावर सही करू नये, एवढंच.

दादा, दुकानदारांविरुद्ध आमचं सरसकट काही नाही. रंग आवडला नाही, माप चुकलं, घरी कुणाला पसंत पडलं नाही, अशा वेळी परत करण्याचा हक्क आपल्याकडे कायद्याने दिलेला नाही, आणि तरी साडी बदलून देणारे, न उघडलेल्या गोळ्यांची पट्टी परत घेणारे, कोरा फर्मा निघालेलं पुस्तक काही न विचारता बदलून देणारे दुकानदार गावोगाव आहेत. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाच नव्हता, तो आला 1986 मध्ये. त्याआधीही लोक सरळ वागतच होते. काउंटरपलीकडच्या माणसाला आपल्यासारखंच घर आहे हे ज्याला कळतं, त्याला कलम दाखवावं लागत नाही. तुम्हाला कुणी दाखवलं नव्हतं.

तुमचं काम सोपं नाही हेही ठाऊक आहे. तक्रार बंद झाली तर कॉलचे पैसे, 'दुरुस्ती शक्य नाही' लिहिलं तर वरून विचारणा. महिन्याचा आकडा बिघडतो. तुम्ही ते सगळं पत्करून सात छोटी वाक्यं लिहिलीत आणि खाली वाचता येईल अशी सही केलीत. आधीच्या कार्डांवर सहीच्या जागी नुसत्या रेघा आहेत.

या कार्डावरून तुम्हाला कुणी जाब विचारला तर आम्हाला कळवा, पत्ता कार्डावर आहेच. मूळ प्रत, मीटरचा फोटो आणि गेजचे दोन्ही फोटो वेळेसकट आमच्याकडे आहेत. तुम्ही त्या दिवशी काय तपासलंत, किती वेळ दिलात आणि लिहिलेला प्रत्येक आकडा आमच्यासमोर कसा मोजलात, हे सही करून लेखी द्यायला घरातले सगळे तयार आहोत. सेंटरच्या मालकांना तुमच्या कामाबद्दल वेगळं पत्र लिहून ठेवलं आहे. तुम्ही हो म्हणालात तरच ते पाठवू.

आपले,
एक ग्राहक कुटुंब