लिंबू-व्हिनेगरच्या टिप्स देताना दगड कुठला तेही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की सगळ्याच पेपरांच्या पुरवण्यांत साफसफाईच्या टिप्स येतात आणि त्यात एक वाक्य हमखास असतं, ओट्यावरचे नि फरशीवरचे डाग लिंबाने किंवा व्हिनेगरने घासा. प्लीज, हे कुठल्या दगडावर चालतं नि कुठल्यावर नाही एवढं तरी सोबत छापत जा.

आमचं घर जुनं आहे, हॉलमध्ये शहाबादी, बाथरूममध्ये कोटा आणि स्वयंपाकघरात सासूबाईंच्या वेळचा काळा कडप्प्याचा ओटा. बोअरच्या पाण्याने कोट्यावर पांढरे थर चढले होते म्हणून मागच्या दिवाळीत सफाईवाले बोलावले, त्यांनी कॅनमधून ॲसिड ओतलं, सगळीकडे फेस आला, म्हणाले बघा ताई मळ कसा सुटतोय, आणि आम्ही पण खूष. उरलेलं ॲसिड त्यांनी ओट्यावर पण फिरवलं. वाळल्यावर कोट्याची चमक गेलेली, पायाला खरखर लागायला लागली, आणि काळाभोर ओटा राखाडी पडलेला. इतकी वर्षं खोबरेल तेलाचा हात देऊन जपलेला ओटा होता तो, सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

तो फेस दगड विरघळताना येतो हे मला नंतर कळलं. आंध्रातला कडप्पा, कर्नाटकात कलबुर्गीकडची शहाबादी, राजस्थानचा कोटा, हे तिन्ही चुनखडीचे दगड, आणि संगमरवर पण मूळचा चुनखडीच. सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट, त्याला ॲसिड लागलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. पाण्याचे पांढरे थर पण बरेचसे त्याचेच असतात, त्यामुळे ॲसिड थर तेवढे खाईल नि दगड सोडेल असं होतच नाही. आणि ॲसिडच कशाला, लिंबाची फोड, चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ, सांडलेलं ताक, रात्रभर राहिलं की चट्टा पडलाच. ग्रॅनाइटचं वेगळं आहे, त्याला लिंबाने सहसा काही होत नाही पण तेल आणि हळद तो पण पितो, त्यात फिकट रंगाचा जास्तच.

मग एका दुकानात सांगितलं सीलर मारून घ्या, परत ॲसिडने पण काही होणार नाही. हे साफ चूक आहे. सीलर दगडाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो, त्यामुळे तेल-पाणी पटकन आत मुरत नाही आणि आपल्याला पुसायला वेळ मिळतो, एवढंच त्याचं काम. लिंबाचा रस वरच्या वर दगड खातोच.

तरी सीलर लावावा असं माझं मत आहे, फक्त नीट लावावा. आधी ओट्यावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितोय, नाही झाला तर उगाच खर्च करू नका. दगड पूर्ण कोरडा पाहिजे म्हणून पावसाळ्यात हे काम काढूच नका. आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेत वर राहिलेला सीलर कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचाच, नाहीतर चिकट पांढरट थर राहतो. तेल मुरलंच तर खायचा सोडा पाण्यात कालवून जाड लेप द्या, वर प्लास्टिक लावून एक दिवस ठेवा, बरंचसं तेल ओढलं जातं, कधी दोन-तीनदा करावं लागतं. रोजचं म्हणाल तर सौम्य साबणाचं पाणी आणि बाथरूममध्ये आंघोळ झाली की लगेच वायपर, बास.

आमचा कोटा पॉलिशवाल्याने मशीन फिरवून बराच मार्गी लावला. ओट्यावर सिंकच्या बाजूला अजून राखाडी पट्टा आहे, सासूबाई रोज रात्री तिथे तेलाचा हात फिरवतात. यंदाच्या पुरवणीत टिप्सच्या शेजारी ‘कडप्पा, कोटा, शहाबादी, संगमरवर यांना आंबट लावू नये’ एवढी एक ओळ छापाच, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, पुणे