व्यवसाय वर्गीकरणाचे ग्रंथ निवडून दिल्याबद्दल

आदरणीय साहेब,
सविनय नमस्कार.

जालन्यातील आमच्या लहानशा विधी ग्रंथालयासाठी व्यवसाय वर्गीकरणाचे, म्हणजे कोणते काम कोणत्या गटात मोडते हे सांगणारे, संदर्भग्रंथ निवडायला आपण दोन दुपारी दिल्यात, त्याबद्दल ग्रंथखरेदी समितीच्या वतीने हे जाहीर पत्र लिहीत आहे. सेवायोजन कार्यालयातून निवृत्त झालेल्या माणसाचे वकिलांच्या कपाटाशी काय काम, असे आमच्यातील एकाने दबक्या आवाजात विचारले होते. ते आपल्या कानावर गेले असल्यास क्षमस्व.

आमच्या यादीत सर्वांत वर अमेरिकेच्या कामगार विभागाची ‘डिक्शनरी ऑफ ऑक्युपेशनल टायटल्स’ होती, कारण तिकडच्या निकालांत तिचा उल्लेख वारंवार येतो. १९३८ साली प्रथम निघालेल्या या कोशाची शेवटची सुधारित आवृत्ती १९९१ ची आहे आणि पुढे त्याची जागा ‘ओ-नेट’ या व्यवसायांच्या माहितीसंचाने घेतली, जो इंटरनेटवर फुकट पाहता येतो, हे आपण सांगितले नसते तर वर्षाची निम्मी तरतूद तिथेच संपली असती.

त्याऐवजी आपण ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५’ सुचवलेत. त्यात प्रत्येक व्यवसायाला दिलेल्या आठ अंकी संकेतांकाचे शेवटचे चार अंक अंगठ्याने झाकून, “हे पहिले चार जगाचे, झाकलेले चार आपले,” असे आपण म्हणालात आणि पहिले चार अंक ज्यातून येतात ते आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे २००८ चे वर्गीकरण शेजारीच का ठेवायचे, ते तेवढ्यात उमगले. ७११५ म्हणजे सुतारकाम, ८३३२ म्हणजे जड ट्रकचा चालक, हे आता आमच्या शिपायालाही पाठ आहे.

२००४ आणि १९६८ च्या आवृत्त्याही हव्यातच, कारण सेवायोजन कार्यालयाच्या जुन्या नोंदणी कार्डावरचा संकेतांक नव्या ग्रंथात सापडत नाही, असे आपण बजावलेत. आमची १९६८ ची प्रत रंगकामाच्या वेळी आम्हीच रद्दीत घातली होती. हे ऐकून आपण काही बोलला नाहीत, चष्मा काढून पुसत बसलात. ते बोलण्यापेक्षा जास्त लागले.

खरा उपयोग झाला तो आपल्या इशाऱ्याचा. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाखाली एखादा माणूस ‘कामगार’ ठरतो की नाही, हे हुद्द्यावरून किंवा संकेतांकावरून नव्हे तर त्याच्या प्रत्यक्ष मुख्य कामावरून ठरत असे. आणि किमान वेतनातील कुशल, अर्धकुशल, अकुशल ही वर्गवारी राज्याच्या अधिसूचनेतच पाहावी लागते. नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र कामाचे नेमके वर्णन हाताशी असले तर बळ येते. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराला एका हाताने सुतारकाम करता येणार नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये त्याची अक्षमता शंभर टक्के मानली होती. त्या निकालाची प्रत आपल्या सांगण्यावरून याच कप्प्यात ठेवली आहे.

इशाऱ्याची आपल्या हस्ताक्षरातील चिठ्ठी पहिल्या खंडाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली आहे. १९६८ ची एखादी प्रत कुणा जुन्या सहकाऱ्याच्या माळ्यावर निघाली तर कृपया कळवावे. न्यायला आम्ही स्वतः येऊ.

आपला कृपाभिलाषी,
ग्रंथखरेदी समितीकरिता