साखरेसोबत स्मरणशक्तीही तपासा

महोदय,

पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघांची मधुमेह तपासणी शिबिरे बारमाही चालू असतात. बोटाला सुई टोचतात, आकडा सांगतात, पायांना मुंग्या येतात का विचारतात. मेंदूचे मात्र कुणी नाव काढत नाही. वर्षानुवर्षे वाढलेली साखर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही खराब करते. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४च्या अहवालातही मधुमेह धरला आहे.

साखर उतरणे त्याहून फसवे. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऊर्जा खातो, तीही मुख्यतः ग्लुकोजची. आमच्या सोसायटीतल्या एक आजी संकष्टीला सकाळची गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत कडकडीत उपास करत. एका संध्याकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, सुनेला भलत्याच नावाने हाका मारू लागल्या. 'वय झालं आता' म्हणून घरच्यांनी सोडूनच दिले असते. शेजारच्या नर्सबाईंनी ग्लुकोमीटर लावला तर साखर ७०च्या बरीच खाली. साखरपाणी पोटात गेल्यावर आजी थोड्याच वेळात ताळ्यावर आल्या. (बाप्पाची याला हरकत नसावी!) उतारवयात अशी साखर वारंवार फार उतरली, तर स्मरणशक्तीलाही धोका संभवतो.

स्मरणशक्ती तपासायला शिबिरात तीन शब्द लक्षात ठेवायला सांगणे, घड्याळाचे चित्र काढून घेणे याला कितीसा खर्च येतो? आणि उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवरच सुवाच्य मराठीत लिहून द्यावे.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे