स्पंजातील औषधाआधी स्पंजाभोवतीचे पाणी तपासा : केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

नोकरीची सारी वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवले. ओहोटीला विद्यार्थ्यांना खडकांवर नेऊन मी स्पंज दाखवत असे. ना तोंड, ना पोट, ना जागचे हलणे. दिवसरात्र पाणी गाळत बसणारा हा जीव स्वतःच्या बचावासाठी नाना रसायने बाळगतो. त्यांतील काही रसायने प्रदूषकांमुळे होणारी यकृताची हानी रोखू शकतील का, याचा शोध सध्या घेतला जात आहे. हे संशोधन व्हायलाच हवे, आणि ते नीट व्हावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

स्पंजापासून औषध ही कविकल्पना नव्हे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतच्या एका स्पंजात रसायनशास्त्रज्ञ वर्नर बर्गमन यांना जी संयुगे आढळली, त्यांच्या धर्तीवर पुढे सायटाराबिन तयार झाले आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला रक्ताच्या कर्करोगावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. यकृताच्या बाबतीत मात्र आपण अजून प्रयोगशाळेतल्या उंदरांपाशीच आहोत. अशा प्रयोगांत बहुधा कार्बन टेट्राक्लोराइडसारखे विष वापरतात. यकृतातील एन्झाइम त्याचे विघटन करू लागले की अतिक्रियाशील मुक्त मूलके तयार होतात, ती पेशीपटलातील मेदावर हल्ला करतात, आणि फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेले एसजीपीटी हे यकृतातील एन्झाइम रक्ततपासणीत वाढलेले दिसते. स्पंजाच्या अर्कातील प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजे मुक्त मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या, घटकांनी ही वाढ रोखली, तर अर्क यकृतरक्षक ठरतो.

पण अनेकदा हा अर्क विषाच्या आधी किंवा विषासोबतच दिलेला असतो आणि विषाची मात्रा एकदम मोठी असते. खाडीकाठच्या माणसाचे तसे नसते. त्याच्या शरीरात विष थोडे थोडे, वर्षानुवर्षे आणि एकाहून अधिक प्रकारांनी जाते. कॅडमियम तर एकदा यकृतात आणि मूत्रपिंडात शिरले की अनेक वर्षे तिथेच ठाण मांडून राहते. थोड्या दिवसांच्या प्रयोगातला दिलासा या माणसाला लागू पडेल, असे गृहीत धरणे मला अन्यायाचे वाटते.

याहून गंभीर गोष्ट स्पंजाच्या स्वभावातच आहे. जो पाणी गाळतो, तो पाण्यातले विषही साठवतो. तांबड्या समुद्रातील थिओनेला स्विनहोई या स्पंजात राहणारे जिवाणू आर्सेनिक आणि बेरियम मोठ्या प्रमाणात साठवतात, आणि त्याच गटातील जिवाणू या स्पंजाची अनेक औषधी संयुगेही घडवतात, हे संशोधनातून सिद्ध झाले आहे. औषध आणि विष एकाच घरात नांदत असतील, तर सांडपाणी येणाऱ्या खाडीच्या तोंडाशी गोळा केलेल्या स्पंजाचा कच्चा अर्क धातूंची तपासणी न करता यकृतरक्षक म्हणून पुढे आणणे धोक्याचे आहे.

म्हणून माझी विनंती आहे की, आपल्या मंत्रालयाच्या निधीतून गोळा होणाऱ्या प्रत्येक स्पंजासोबत त्या जागच्या पाण्यातील, गाळातील आणि खुद्द स्पंजातील कॅडमियम, पारा, शिसे व आर्सेनिक यांची मोजणी सक्तीची करावी आणि ते आकडे सर्वांना पाहता यावेत. किनारी पाण्याच्या गुणवत्तेवर देखरेख ठेवणारे राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र आपल्याच अखत्यारीत आहे. खोल समुद्र मोहिमेला जून २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, तिच्यात सागरी जैवविविधतेचा अभ्यासही अंतर्भूत आहे. या दोन कामांची सांगड घालण्यासाठी नव्या संस्थेची गरज पडू नये.

दुसरी विनंती समुद्रासाठी आहे. जपानी संशोधकांना हॅलिकॉन्ड्रिन बी हे संयुग केवळ १२.५ मिलिग्रॅम मिळवण्यासाठी ६०० किलो स्पंज लागले होते. पुढे त्यावर आधारलेले एरिब्युलिन हे कर्करोगाचे औषध प्रयोगशाळेतील संश्लेषणातूनच बनवावे लागले. आपल्या किनाऱ्यावर तसा उपसा होऊ देऊ नये. अर्थसाहाय्य देतानाच संश्लेषण, जिवाणूंचे संवर्धन किंवा स्पंजाची लागवड यांपैकी कोणता मार्ग घेणार हे संशोधकांकडून लिहून घ्यावे, आणि प्रयोगांत विषाच्या अल्प मात्रा दीर्घकाळ देऊन झालेली चाचणी असल्याखेरीज पुढचा हप्ता देऊ नये.

आपला विश्वासू,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी