बाबा, माझं नाव आता छापून का येत नाही

लंडन, रविवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तुझं नाव हल्ली पेपरात दिसत नाही गं, काही बिनसलंय का?" मी घाईत होते, "नाही हो" म्हणून फोन ठेवला. पण ते मनातून जाईना. बोलताना नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

काही बिनसलेलं नाही. मी आता बातमीदार नाही, डेस्कवर आहे. दुसऱ्याने आणलेली बातमी माझ्याकडे येते. मी ती तपासते, कापते, शंका काढून परत पाठवते. नाव बातमी आणणाऱ्याचं छापतात, आणि तेच योग्य आहे.

हे काम मी मागून घेतलं, ते हॅरल्ड इव्हान्स या ब्रिटिश संपादकामुळे. बाबा, इव्हान्सही रेल्वेवाल्याचा मुलगा, इंजिन ड्रायव्हरचा! घर मँचेस्टरजवळ, आई पुढच्या खोलीत किराणा दुकान चालवायची. 1940 च्या उन्हाळ्यात हे कुटुंब वेल्समधल्या ऱ्हिलला समुद्रावर गेलं होतं, तेव्हा हॅरी जेमतेम बारा वर्षांचा. जर्मनांपुढे माघार घेऊन फ्रान्समधल्या डंकर्कहून परत आणलेले सैनिक वाळूत पडले होते. वडील उठून त्यांच्याकडे गेले, बोलत बसले. ती माणसं पार खचलेली होती. पेपरात मात्र छापून येत होतं की जवान जोशात आहेत, परत लढायला उतावीळ आहेत. पेपरात छापलेलं खरं असतंच असं नाही, हे त्या पोराला तिथे वाळूत कळलं.

सोळाव्या वर्षी ते एका साप्ताहिकात लागले. 1961 मध्ये डार्लिंग्टनच्या 'नॉर्दर्न एको'चे संपादक झाले. डार्लिंग्टन म्हणजे 1825 च्या त्या पहिल्या रेल्वेचं गाव, बाबांना सांगायला नकोच. टिमथी इव्हान्स नावाच्या माणसाला 1950 मध्ये खुनासाठी फाशी झाली होती. आडनाव एक, नातं काही नाही. तो निर्दोष होता, हे या छोट्या पेपरने लावून धरलं, आणि 1966 मध्ये त्याला मरणोत्तर माफी मिळाली.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते पुढे लंडनच्या 'संडे टाइम्स'चे संपादक असतानाचं त्यांचं काम. आई, थॅलिडोमाइड नावाचं औषध गरोदर बायकांना मळमळीवर द्यायचे. त्यातून अपुऱ्या हातापायांची मुलं जन्माला आली. 1961 मध्ये औषध बाजारातून काढलं, पण भरपाईचे दावे वर्षानुवर्षं पडून राहिले. दावे कोर्टात आहेत, तोवर लिहिलं तर कोर्टाचा अवमान, या भीतीने पेपर गप्प. इव्हान्सनी 1972 मध्ये तोंड उघडलं. कायद्याने काय देणं लागतं ते राहू द्या, या मुलांना नीतीने काय देणं लागतं ते बोला, असा सूर धरला. औषधाची तपासणी कशी झाली होती, यावरच्या लेखाला मात्र कोर्टाने मनाई केली. तरी 32.5 लाख पौंडांवर अडलेली कंपनी पुढच्या वर्षी 2 कोटींवर आली. मनाईविरुद्धचा खटला थेट स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. 1979 मध्ये तिथे पेपर जिंकला, अकरा विरुद्ध नऊ मतांनी. दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर? पुढे ब्रिटनला कायदा बदलावा लागला.

त्या लेखांमागे कितीतरी बातमीदार होते, वकील होते. संपादकाचं काम काय, तर पाठीशी उभं राहायचं आणि एकही चूक जाऊ द्यायची नाही. नंतर 'द टाइम्स'मध्ये मालक रुपर्ट मरडॉकशी पटलं नाही, 1982 मध्ये तिथून बाहेर पडले, अमेरिकेत गेले, तिथे पुस्तकं छापली, स्वतः लिहिली. 2020 मध्ये वारले, 92 वर्षांचे होऊन.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. मी नवी असताना अपघाताच्या एका बातमीत जखमी माणसाचं नाव मृतांमध्ये घातलं होतं. रात्री डेस्कवर कुणी विचारलं नाही, "हे कुणी सांगितलं?" सकाळी त्याच्या बायकोचा फोन मीच उचलला. ती रडत नव्हती, फक्त विचारत होती, तुम्हाला नक्की माहीत आहे का? ती अजून कानात आहे.

बाबा, लहानपणी तुम्ही सांगायचात ना, सिग्नल दिसला की ड्रायव्हर मोठ्याने म्हणतो, आणि असिस्टंटही स्वतः पाहून मोठ्याने म्हणतो. ड्रायव्हरने सांगितलं म्हणून मान हलवायची नाही. त्या रात्री मला तो दुसरा आवाज हवा होता. आता तो आवाज मी आहे.

आई, काळा मसाला पोचला, डबा उघडल्याबरोबर घरभर भुसावळ झालं. गुडघ्याला तेल लावतेस ना? दिवाळीच्या सुट्टीचं अजून नक्की नाही, पण रजा टाकली आहे.

बाबा, तुमच्या जुन्या लाइन बॉक्समध्ये, ड्युटीवर न्यायच्या त्या पेटीत, माझी कात्रणं ठेवता, त्यात ठेवायला एक कात्रण सोबत पाठवते. वर नाव दुसऱ्याचं आहे. तिसऱ्या परिच्छेदात एका आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. त्या आकड्यासाठी मी बातमी तीन तास अडवून धरली होती. तो बरोबर आहे.

तुमची,
ताई