पावडरचा डबा आणण्याआधी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतास, म्हणून सविस्तर लिहिते. "दूध पुरत नाहीये, पावडरचा डबा आणून ठेवू का?" असं विचारलंस. पुरत नाही हे ठरवलं कुणी? मी प्रसूती कक्षात नोकरी केली, तिथे हे वाक्य रोज कानावर यायचं, पण बाळंतिणीच्या तोंडून ते पहिल्यांदा क्वचितच निघायचं. आधी बघायला आलेली मावशी म्हणायची, मग आजी, आणि दिवेलागणीपर्यंत ती पोर स्वतःच रडवेली होऊन सांगायची, "सिस्टर, मला दूधच येत नाही."

म्हणून हे पत्र स्नेहाला नाही, तुला लिहिते आहे. बाळाला सहा महिने निव्वळ अंगावर पाजलं जाणार की नाही, हे एकट्या बाळंतिणीच्या हातात नसतं. प्रसूती कशी झाली, जवळ कोण आहे, घरातले काय बोलतात, रजा किती आहे, यावर ते ठरतं. यातलं बरंचसं तुला सांभाळता येईल.

आधी पुरतंय का ते बघ. रडणं हा पुरावा नव्हे. संध्याकाळी बाळं किरकिरतात, तासातासाला प्यायला मागतात, ते चालायचंच. पाच दिवसांपुढच्या बाळाला दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल, तर दूध पोटात जातंय. सुरुवातीला वजन थोडं घटतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं. सोमवारी वजन करून आण. वजन भरत नसेल, शू कमी असेल किंवा बाळ पिताना सुस्त पडून राहत असेल, तर थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. त्यांनी तपासून वरचं दूध द्यायला सांगितलं तर द्यायचं, आणि त्याबद्दल स्नेहाला कुणी एक शब्द बोलायचा नाही. पण नुसत्या शंकेवर डबा उघडायचा नाही. वरच्या दुधानं पोट भरलं की बाळ आईला कमी ओढतं, आणि ओढलं कमी की दूध बनतंही कमी. मग "पुरत नाही" हे आठवड्याभरात खरंच होऊन बसतं.

स्नेहाचं सिझर झालं. सिझरनंतर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो, शिवाय टाके दुखत असताना उठून बसणंही अवघड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच. म्हणजे दवाखान्यात पोचूनही तो पहिला तास हातातून जातो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तेव्हा बाळ जागं असतं, तोंडानं शोधत असतं, आणि शेजारी हात लावायला कुणीतरी हवं असतं एवढंच.

तो हात आता तू लाव. पाजताना तिच्या पाठीशी उशी दे. पोटावर भार नको, म्हणून बाळाला तिच्या काखेखालून धरायला सांग, पाय मागच्या बाजूला आणि डोकं तिच्या तळहातावर. बाळानं तोंड मोठं उघडलं की मगच जवळ घ्यायचं. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालून जास्त तोंडात गेलेला दिसला पाहिजे. नुसतं बोंड तोंडात असेल तर तिला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहतं. काल ती म्हणाली की पाजताना डोळ्यांत पाणी येतं. इतकं दुखणं म्हणजे पकड चुकतेय. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. रात्रीचं पाजणं चुकवू देऊ नकोस, त्या वेळच्या ओढण्यानं दूध चांगलं वाढतं. ढेकर काढणं, दुपटी बदलणं तू कर.

आता तुझ्या सासूबाईंचं. सहाण, हळकुंड, मुरडशेंग सगळं काढून ठेवलंय त्यांनी, आणि ते मायेनंच. पण सहा महिने गुटी नको, पाणी नको, ग्राइप वॉटर नको. मध तर वर्षभर नाहीच. उन्हाळ्यातसुद्धा आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र चालू ठेवा. विहीणबाईंशी वाद घालू नकोस. सोमवारी त्यांनाही बरोबर ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू देत. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू त्यांच्याच हातचे हवेत, तेही आवर्जून सांग. एकदा आजी बाजूनं झाली की आल्या-गेल्यांची तोंडं तीच बंद करते.

रजेचा हिशोब आत्ताच करा. कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, पण स्नेहानं त्यातले सहा आधीच घेतले. उरले २०, म्हणजे साडेचार महिनेच. पुढच्या दीड महिन्याचं काय? ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं, हेही त्याच कायद्यात आहे. तिनं आत्ताच लेखी विचारावं. ऊसतोडीच्या फडातून आमच्याकडे बाळंत व्हायला येणाऱ्या बायकांना यातलं काहीच नव्हतं. पोर झाडाखाली झोळीत टाकून त्या कोयता धरायच्या, आणि वर आम्ही त्यांना "सहा महिने अंगावरच पाजा" म्हणून सांगायचो. स्नेहाला हक्क आहे, तर तो तिनं पुरेपूर घ्यावा.

ती कामावर जायला लागली की दूध काढून ठेवता येईल. स्वच्छ झाकणाच्या भांड्यात, बाहेर चार तास, फ्रिजमध्ये दिवसभर. द्यायचं मात्र वाटी-चमच्यानं. बाटली आणू नकोस. आपलं बोंडलं, तान्ह्या बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी, माळ्यावर आहे, येताना घेऊन येते.

सोमवारचं वजन कळव. आणि हे पत्र स्नेहाला वाचून दाखवायचं असेल, तर ती निवांत जेवल्यावर दाखव.

तुझी,
आई